पिवळ्या पट्टीच्या आत

त्याने मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी विज्ञान स्पर्धेच्या हॉलमध्ये एका टेबलाआड गुडघ्यांवर बसले होते, तोंडात लाल दोऱ्याचं टोक होतं आणि समोरच्या भिंतीवर पाटी होती — ‘पालकांनी पिवळ्या पट्टीच्या आत येऊ नये. आल्यास संघ बाद.’

मी आत होते. चांगली चार हात आत!

“काय शोधताय?”

माझ्या काळजात धस्स झालं. “क… कानातलं.”

“दोन्ही कानांत आहेत की.”

मी वर पाहिलं. कुरळे केस, बाह्या दुमडलेल्या, ओठांच्या कोपऱ्यात हसू… आणि एक हात पाठीमागे.

“तुमच्या हातात काय आहे?” मी विचारलं.

हसू पळालं. हात पुढे आला. पक्कड!

“मी पंखे दुरुस्त करतो,” तो ओशाळून म्हणाला. “भाचीची पवनचक्की डुगडुगतेय. मला बघवेना. पण हात लावला नाही हं अजून.”

“मी शिवणकाम करते. भाचीच्या टाकीची तार लोंबत होती. मलाही बघवेना.”

“म्हणजे चोर चोर मावसभाऊ.”

मला हसू आलं आणि लगेच घड्याळाकडे लक्ष गेलं. जेवणाची सुट्टी संपायला पाचच मिनिटं होती. हॉल रिकामा होता, पण दाराबाहेर पावलं वाजत होती. घरात मला भित्री भागूबाई म्हणतात ते काही उगाच नाही. तरी आत शिरले, कारण भिंगरी. माझ्या ताईची अकरा वर्षांची मुलगी. तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी दोन महिने खपून टाकी भरल्यावर घंटा वाजवणारं यंत्र केलं होतं. ताई नर्स आहे, तिला रजा मिळाली नाही. जाताना एवढंच म्हणाली, “लक्ष ठेव गं.” मी ठेवलं, जरा जास्तच.

तो वाकून टाकीत पाहू लागला. पाहता पाहता त्याचा चेहरा उतरला.

“तुम्ही ही तार काठाला बांधलीत?”

“घट्ट. आमची काज-बटणाची गाठ आहे, मेली तरी सुटायची नाही.”

“अहो… ती ढिलीच हवी होती. पाणी चढलं की हा थर्मोकोलचा गोळा वर येणार, त्याच्यासोबत तार वर जाणार, तांब्याच्या पट्टीला लागणार, मग घंटा. आता गोळा हलणारच नाही.”

बिघडलेलं काहीच नव्हतं. बिघडवलं मी!

गाठ नखाने उकलेना, दाताने तुटेना. कात्री पिशवीत, पिशवी दारावर ठेवून घेतलेली. त्याने पक्कड पुढे केली… आणि सुट्टी संपल्याचा भोंगा वाजला. पोरं आत घुसली. त्याने माझं कोपर धरून मला पट्टीबाहेर ओढलं. कोपर सोडायला तो विसरला. सोडवून घ्यायला मीही विसरले.

परीक्षक बाई पहिल्या टेबलावर होत्या. भिंगरी आठव्यावर, दोन वेण्या पुन्हा पुन्हा चाचपत, मला लांबून हात करत. मीही हात केला.

“सांगितलं तर संघ बाद,” मी पुटपुटले. “नाही सांगितलं तर घंटा वाजणार नाही, आणि तिला आयुष्यभर वाटेल की तिचंच चुकलं.”

“हं.”

“हं काय! काहीतरी बोला ना.”

“तुम्ही ठरवलंय ते दिसतंय मला. फक्त पाय उचलत नाहीयेत.”

परीक्षक बाई पाचव्या टेबलावर आल्या. सहाव्या. आपण किती भेकड आहोत याची इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती. सातव्या टेबलावरून त्या निघाल्या तशी मी डोळे मिटले आणि पट्टी ओलांडली.

“बाई, त्या टाकीला मी हात लावलाय. मुलींना काही ठाऊक नाही. चूक माझी आहे.”

भिंगरीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग लाल दोऱ्याकडे. तिची हनुवटी थरथरू लागली.

“नियम म्हणजे नियम,” बाई म्हणाल्या. “बक्षिसातून संघ बाद. प्रयोग मात्र दाखवू द्या त्यांना.”

“मग माझ्या भाचीचाही बाद करा,” मागून आवाज आला. “मीही आत होतो. ही पक्कड.”

मी गर्रकन वळले. “अहो! तुम्हाला कुणी पाहिलं नव्हतं. तुम्ही तर हातही लावला नव्हता!”

“ठाऊक आहे,” तो हळूच म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते. “पण तुम्ही एकट्या उभ्या होतात. मला बघवेना.”

मला काय झालं सांगता येत नाही. रडू येत होतं, भीती वाटत होती आणि त्या भीतीतच… तो मला आवडला. खूप आवडला.

“मामाऽऽ!” त्याची भाची कमरेवर हात ठेवून आली. तिला शाळेत सगळे हवालदार म्हणतात हे मला नंतर कळलं. पण तेव्हाही ते कुणी सांगायची गरज नव्हती. “डुगडुगणार आहे म्हणून मी वहीत लिहिलं होतं. सुधारायचं कसं तेही लिहिलं होतं!”

भिंगरी माझ्यासमोर आली. डोळे भरलेले. “मला विचारायचंस ना, मावशी.”

“चुकलं गं.”

वही उघडून तिने एक ओळ लिहिली. मी मान लांबवून वाचली — ‘बिघाडाचं कारण: मावशी. उपाय: लांब बसवणे.’

उपाय हवालदाराने केला. आम्हा दोघांना भिंतीजवळच्या बाकावर बसवलं. “एकमेकांचे हात धरा. म्हणजे कशाला लावणार नाही. घंटा वाजेपर्यंत सोडायचे नाहीत.”

आम्ही धरले. त्याच्या तळव्याला घाम होता.

“घाबरलात?” मी विचारलं.

“मघापासून. पट्टीमुळे नाही.”

तिकडे भिंगरीने कात्रीने दोरा कापला. पाणी चढू लागलं. गोळा हलला, अडला… पुन्हा हलला. तार पट्टीला लागली आणि घंटा खणखणली! टाळ्या पडल्या. भिंगरीने आधी मैत्रिणींना मिठी मारली, मग वळून मला शोधलं. आणि हसली. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

घंटा वाजून थांबली. डोळे पुसायला उजवा हात सोडवता आला असता, पण मी मोकळा डावाच वापरला.

“वाजली,” तो म्हणाला.

“ऐकलं मी,” मी म्हणाले.

हात कुणीच सोडला नाही.