टोपीखालची रुपयाएवढी जागा

भंडाऱ्याच्या दवाखान्यात बाकावर माझ्या शेजारी बसलेला उंचापुरा गडी चक्क थरथरत होता.

"तुमाले भेव लागून राहिलं का?" मी विचारलं.

"मले? छ्या... शंकरपटाच्या शर्यतीत छकड्यावरून पडलो, मान अवघडली, तवा नाही भेलो." मग हळूच — "सुई खूब मोठी आहे का जी?"

हसू आलं आणि कळही आली. धानाचे भारे वाहून माझी मानेमागची नस चिडली होती. कळ निघायची ती थेट डोळ्यात शिरायची. आता डॉक्टर तिथंच बधिर करणारं इंजेक्शन देणार होते.

"तुमी कोनासाठी आल्या?"

बाबांनी बजावलं होतं — दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत तुले पाहाले पाहुणे येनार आहेत, डोकंदुखीचं नाव काढशील तर सोयरीक मोडन.

"मायसाठी," मी म्हटलं. माय पलीकडे खोकली.

तेवढ्यात सिस्टरनं हाक मारली, "मंगला कृष्णराव, आसगाव!" आणि मलाच उठावं लागलं. तो गालात हसला. असा राग आला मला त्याचा... आणि तरी वळून पाहिलंच.

मानेच्या वर, डोक्यामागचे रुपयाएवढे केस भादरले, सुई टोचली. थोड्या वेळानं कळ गेली! डोकं कसं हलकं, फुलासारखं. "आता डोक्यावर भारा घ्यायचा नाही," डॉक्टर म्हणाले.

माझ्यामागून तो आत गेला, बाहेर आला तो मान चोळत.

"तुमी बाहेर बसल्या होत्या... म्हनून ओरडलो नाही," म्हणाला. नाव विचारायचं राहूनच गेलं. दिवाळीपर्यंतचे पंधरा दिवस मी स्वतःवर चिडून होते.

मग आमची मंडई आली. इकडे दंडारीचं नाटक रंगतं, तिकडे सोयरिकी जुळतात. भादरलेल्या जागेवर मी अंबाडा घातला, वर शेवंती खोवली. पाहुण्यांपुढे चहा ठेवला, मान वर केली. डोक्यावर पांढरी टोपी घालून दवाखान्यातला तोच गडी बसला होता. तेजराम, सानगडीचा.

त्याची आई कौशल्याबाई म्हणाली, "पोरगी भारा उचलते ना डोक्यावर?"

"दोन दोन," बाबा म्हणाले.

नुसती मान हलवली असती तर तो माझा झाला असता. पण मग जन्मभर भारे, जन्मभर ती कळ... आणि त्याच्याशी पुन्हा खोटं?

"नाही जी," मी म्हटलं. "डोक्यावर काही घेनार नाही मी. मानेत सुई घेतली आहे."

बाबांचा पानाचा विडा तोंडातच थांबला. कौशल्याबाई उठायलाच लागली.

तेव्हा तेजरामनं टोपी काढली आणि सगळ्यांकडे पाठ केली. मानेच्या वर तेवढीच, रुपयाएवढी भादरलेली जागा.

"माय, तू म्हनली टोपी काढू नको. पन यांनी सांगितलं, तं मी कायले लपवू?"

बाबा कौशल्याबाईकडे पाहत राहिले, ती बाबांकडे. मग दोघंही ओशाळून हसले.

"मंग भारा कोन आनन?" तिनं विचारलं.

"बैलबंडी आहे ना घरी," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, हळूच — "डॉक्टर म्हनत होते, पुन्हा सुई घ्यावी लागन कदाचित. तुमी बाहेर बसान का?"

"बाहेर कायले?" मी सगळ्यांदेखत म्हटलं. "आत येईन. हात धरून."