ऊसतोडीला गेलेल्या वस्तीवरची मेल

मनवाची मेल आली तेव्हा तिची आई, शोभाताई, अकोले गावच्या पोलीस ठाण्यातच बसल्या होत्या. ‘आई, मी सुखरूप आहे. शोधू नकोस.’ तीन आठवड्यांतली ही पाचवी. सायबर शाखेने आयपी पत्ता तपासला. पुन्हा पाथर्डी तालुक्यातली तीच वस्ती.

इन्स्पेक्टर राजेश्वरी तडक निघाल्या. वस्तीवर दारोदार कुलपं. सगळे ऊसतोडीला गेलेले. भर दुपारची ती शांतता अंगावर येत होती. एका ओट्यावर म्हातारी छबूबाई तेवढी बसलेली.

“आजी, कुणी पोरगी आली होती?”

“न्हाई बाई. दिवाळीपासनं मी एकलीच. वाऱ्यानं कुलपं वाजत्यात, लई भ्या वाटतंय.”

“इंटरनेटची वायर?”

“हितं लाइटच धड न्हाई!”

राजेश्वरी भुताखेतांना भीक घालणाऱ्यातल्या नव्हत्या. तरी अंगावर काटा आला. मग मनवा लिहीत कुठून होती?

दुसऱ्या दिवशी त्या धवलच्या ऑफिसात गेल्या. मनवा त्याच्याच इंटरनेट कंपनीत कामाला होती. तिला शोधायला तोच सगळ्यांच्या पुढे.

“त्या वस्तीवर तुमची लाइन आहे?”

“मनवा गेल्यावर टाकली, मॅडम. आमच्या यादीत आहे की.”

यादी राजेश्वरींनी पाहिली होती. आपले कोणते आयपी पत्ते कोणत्या गावी चालतात, हे कंपन्या स्वतःच जाहीर करतात. ठिकाण सांगणाऱ्या साइट त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात.

“यादी कोण बदलतं?”

“मीच. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.”

“मनवा कधी गेली?”

“नऊ तारखेला.”

राजेश्वरींनी यादीच्या जुन्या प्रती टेबलावर ठेवल्या.

“या ऑफिसच्या आयपी पत्त्यांपुढचं अकोले खोडून तुम्ही ती वस्ती लिहिलीत सात तारखेला. साइटना नवी यादी उचलायला दोन दिवस लागतात, हे तुमच्यासारख्यालाच ठाऊक. म्हणजे मनवा नाहीशी होणार, हेही ठाऊक होतं. हंगामात वस्ती ओस असते, ‘ती इथं नाही’ म्हणायला कुणी नाही. पण ओस वस्तीवर लाइन कोण टाकतं? मेल इथूनच गेल्या. गिऱ्हाइकांची ओळखपत्रं तुम्ही भामट्यांना पुरवत होतात. मनवाला ते कळलं होतं, तिच्या घरच्या कागदांत तशी नोंद सापडली. कुठे आहे ती?”

धवलने त्या प्रती बाजूला सारल्या. “भंडारदऱ्याच्या धरणात,” तो पुटपुटला.

राजेश्वरींनी शोभाताईंना सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत. हातातल्या मोबाईलवर त्यांनी शेवटची मेल पुन्हा उघडली.

“आणखी चार दिवस थांबायचं होतंत, मॅडम,” त्या म्हणाल्या. “खोटी का होईना, पोरगी लिहीत तरी होती.”