पाणी भिंत चढतंय!

"आत्या, धाव! पाणी भिंतीवर चढतंय!"

स्वरदाची किंकाळी ऐकून शर्वरीआत्या धावत न्हाणीघरात आली. स्वरदाचे आईबाबा चंद्रावरच्या खाणीत कामाला गेले, की ती आत्याकडे राहायची. आत्या पाण्याची शास्त्रज्ञ होती आणि तिचं चंद्रावरचं घर तिथल्याच मातीच्या फरशा भाजून बांधलेलं होतं.

स्वरदाचं बोट भिंतीकडे होतं. फरशांच्या सांध्यांतून एक ओली रेघ वर गेली होती, थेट स्वरदाच्या डोक्यापर्यंत.

"अंघोळीचं पाणी उडालं असेल," आत्या म्हणाली.

"कसं उडेल? चारी बाजूंनी जाड पडदा आहे. भिंतीला पाणी लागतं ते फक्त खाली, जमिनीपाशी!"

तेवढ्यात भिंतीत चर्र झालं. जळका वास आला. आत्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्या रेघेच्या टोकालाच घरातली हवा शुद्ध करणाऱ्या पंख्याची वीजपेटी होती! तिने झटकन मुख्य बटण बंद केलं. पंख्याची घरघर थांबली. चंद्रावर अशी शांतता म्हणजे शुद्ध हवा बंद, हे स्वरदाला नीट ठाऊक होतं. तिने आत्याचा हात घट्ट पकडला. क्षणभराने राखीव पंखा सुरू झाला, तेव्हा कुठे दोघींनी श्वास सोडला.

वीजपेटी उघडली तर तारांपर्यंत ओल पोचली होती.

"पण पाणी खाली वाहतं ना? ते वर आलंच कसं?" स्वरदाने विचारलं.

आत्याने काचेच्या दोन पट्ट्या आणल्या. एका कडेला त्या चिकटवल्या, दुसऱ्या कडेला मध्ये काडी अडकवली आणि हळदीच्या पाण्यात उभ्या केल्या. काडीच्या बाजूला पाणी जेमतेम हललं. पण जिथे पट्ट्या जवळ होत्या, तिथे पिवळं पाणी सरसर वर चढलं!

"बाप रे! कुणी ओढतंय का त्याला?"

"काचच ओढतेय. पाण्याला काचेला चिकटायला आवडतं आणि पाण्याचे कण एकमेकांनाही धरून राहतात. म्हणून एक चढला, की तो मागच्यांना वर घेतो. याला केशाकर्षण (बारीक फटीत पाणी आपोआप वर चढणं) म्हणतात. फट जितकी अरुंद, तितकं पाणी उंच."

"मग ते थांबतं कधी?"

"चढलेल्या पाण्याचं वजन त्या ओढीएवढं झालं, की. आता सांग, चंद्रावर पाण्याचं वजन किती?"

"पृथ्वीवरच्या वजनाचा सहावा हिस्सा..." स्वरदाचे डोळे विस्फारले. "म्हणजे तिथे वीतभर चढणारं पाणी इथे सहा विती चढतं?"

"अगदी बरोबर! खाणीच्या यंत्रांच्या हादऱ्यांनी आपल्या सांध्यांतलं ग्राउट (फरशांमधल्या फटी भरायचा लगदा) तडकलंय. ते तडे केसाएवढे आहेत, म्हणून जास्त घातक!"

दोघी कामाला लागल्या. जुनं ग्राउट खरवडलं, फटी पुसून कोरड्या केल्या. राळ मिसळलेलं नवं ग्राउट आत्याने दाट कालवलं. स्वरदाने ते रबरी पट्टीने तिरकं ओढत फटींत दाबून बसवलं. सरळ ओढलं, की पट्टीची कड फटीत घुसून माल बाहेर काढते, हे तिला पहिल्याच फटीत कळलं. मग ओलसर स्पंजाने फरशा पुसल्या. ग्राउट पक्कं होईपर्यंत अंघोळ शेजारच्या घरात.

नंतर न्हाणीघरात पाणी सोडलं, तेव्हा दोघी भिंतीकडे टक लावून बसल्या. भिंत कोरडीच राहिली. आत्याने वीजपेटीतली जळकी तार बदलून मोठा पंखा सुरू केला आणि घर पुन्हा घरघरू लागलं.

स्वरदा एकदम म्हणाली, "आत्या, हरितगृहातला पंप सारखा बिघडतो ना? वरच्या कप्प्यांतल्या मेथीपर्यंत आपण मुद्दाम अशाच बारीक फटी नेल्या, तर? पाणी स्वतःच चढेल!"

आत्याने काचेच्या त्या दोन पट्ट्या उचलल्या आणि स्वरदाला घेऊन ती थेट हरितगृहाकडे निघाली.