फोटोपुरता कोट

काळा कोट. वरचं बटण सैल, खांदे कुणाच्याच मापाचे नाहीत.

कापसाचं अस्वल. ओढून ओढून एक कान लांबलेला.

मावशीच्या ओठांत टाचण्या. म्हणून ती बोलत नाही, नुसती भुवई उडवते.

"स्वतःबद्दल काहीतरी सांगा."

कुलूप लागलेली जीभ. माझी.

आता हे तुकडे जुळवते.

फोटो स्टुडिओत कपडे बदलायच्या पडद्याआडून शिट्टी ऐकू येत होती. अर्जावरच्या फोटोसाठी स्टुडिओचाच कोट चढवायचा, अशी तिथली पद्धत. मी बाहेर ताटकळत उभी.

"अहो, आवरा की! बोहल्यावर नाही चढायचंय."

तो बाहेर आला. ओले केस चापून बसवलेले, फोटो झालेला, कोट हातात. माझ्याकडे बघितलं, आणि पडदा मागे नीट ओढून घेतला.

"घ्या. एकच आहे... जपून, बटण सैल आहे."

कोट अजून उबदार होता. मी बाह्यांत हात घातले आणि—उगाचच वाटलं, फोटो छान यायला हवा.

फोटो काढून आले तर तो दारात थांबलेला.

"कुठे इंटरव्ह्यू?"

"खेळण्यांच्या कारखान्यात. तपासनीस."

त्याचं हसू जागीच अडकलं. "मीही तिथेच. जागा एकच आहे ना?"

"एकच."

"कोटासारखी."

खेळणं मुलांच्या हातात जाण्याआधी ओढायचं, आपटायचं, काय सुटतंय ते बघायचं—अशी ती नोकरी. मला हवीच होती. मावशीच्या पडद्यांच्या दुकानात मी गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंगवते, पण स्वतःचं म्हटलं की जिभेला कुलूप. त्या एका प्रश्नावर माझे आधीचे सगळे इंटरव्ह्यू बुडाले होते. हाही बुडाला की दादाच्या गावी, त्याच्या ऑफिसात फोन उचलत बसायचं. दादाने खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती.

"मिळून तयारी करू," तो म्हणाला. "हरायचंच तर ओळखीच्या माणसाकडून हरलेलं बरं."

मग संध्याकाळी, दुकानातलं कापायचं टेबल, त्यावरून धपाधप पडणारी खेळणी, आणि मावशीचा चष्मा नाकावर ठेवून तो.

"स्वतःबद्दल सांगा."

मी मोजपट्टी गुंडाळत बसले.

"बरं... माझ्याबद्दल सांगा."

"तुम्ही काकांच्या दुकानात सायकली दुरुस्त करता. विचार करताना शिट्टी वाजवता, अडलात की ती बेसूर होते. चूक झाली की आधी कबूल करता, मग कान लाल होतात—"

"बघा! येतंय की बोलता."

कान लाल झालेच होते.

"आता माझी पाळी. तुम्ही शिवण डोळ्यांनी नाही, नखाने तपासता. जो पडदा शोभणार नाही तो विकत नाही, मावशी कितीही चिडू दे. आणि हसू आलं की... आधी खाली बघता."

मी खाली बघत होते.

मावशीने टाचण्या काढल्या. "नोकरीची तयारी चाललीय, की सोयरीक जुळवताय?"

रोज तेच. तो मी होऊन उत्तरं द्यायचा, मी तो होऊन.

इंटरव्ह्यूला आधी त्याला बोलावलं. बाहेर आला तो लाल कानांनी, माझ्याकडे न बघता.

मग मी. टेबलामागे एक बाई आणि एक टक्कल पडलेले साहेब.

"स्वतःबद्दल सांगा."

कुलूप उघडलं! "मी सायकली दुरुस्त करते. विचार करताना शिट्टी वाजवते. चूक झाली की आधी कबूल करते, मग कान..."

बाईंनी अर्ज उचलला. "इथे पडद्यांचं दुकान लिहिलंय."

मी जीभ चावली.

"मघाशी एकजण म्हणाला, मी शिवण नखाने तपासतो. त्याच्या अर्जावर सायकली." त्यांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवले. तोच कोट, तेच लोंबतं बटण. साहेब रुमालात हसायला लागले.

"चुकले," मी म्हणाले. "ती मी नाही, तो आहे. पण त्यात एक अक्षर खोटं नाही."

बाईंनी एक अस्वल पुढे सरकवलं. "मग तुम्ही कोण, ते यावर दाखवा."

मी शिवणीवरून नख फिरवलं. कानामागे ते अडकलं. एक टाका सुटला होता.

निवड माझी झाली. सांगायला गेले तर तो शिट्टी वाजवत चाक फिरवत होता.

"वाईट वाटलं?"

"वाटलं की. जागा मलाही हवी होती." चाक थांबलं. "पण आता दादाकडे नाही ना जाणार?"

"नाही."

"मग—" शिट्टी बेसूर.

"अडलास."

अडलास... तो माझ्याकडे बघतच राहिला. "आता स्वतःबद्दल सांगायचं म्हटलं की तोंडात तूच येतेस. काय करू?"

मी त्याचा कान धरून जोरात ओढला.

"आई गं! हे काय?"

"तपासतेय... सुटत नाही ना."

"मग? पास?"

मी आधी खाली बघितलं.

"पास."

फोटोच्या दिवशी स्टुडिओत कोट दोन होते, त्याने नंतर कबूल केलं. दुसरा पडद्याआड खुंटीला होता, आणि त्याची सगळी बटणं घट्ट होती.