उलट वाहिलेलं पाणी

"ताई! लवकर ये! अजून एक उलटा झाला!"

भूमिकाची हाक ऐकून भाविकाने हातातला चकल्यांचा सोऱ्या तसाच ओट्यावर टाकला आणि ती खोलीकडे धावली. मागोमाग हेमकांतही तोंडातला लाडू सांभाळत पळत आला. तो त्यांचा आतेभाऊ, दिवाळीच्या सुट्टीसाठी पुरुषोत्तमनगरहून आलेला.

पलंगाशेजारच्या काचेच्या टाकीत नारिंगी शेपटीचा एक गप्पी मासा पोट वर करून तरंगत होता. भाविकाने जाळीने त्याला अलगद बाहेर काढलं. वाळूवर दोन झिंगेही निपचित पडले होते.

"काल रात्री खेळत होते गं सगळे," भूमिका हुंदके देत म्हणाली. "आता राणी एकटीच राहिली."

राणी म्हणजे राखाडी रंगाची, फुगीर पोटाची गप्पी मादी. ती पानांच्या आड दडून भराभर कल्ले हलवत होती.

दहा वर्षांच्या भूमिकाचा पाय गणपतीत पेरूच्या झाडावरून पडून दोन ठिकाणी मोडला होता. तेव्हापासून ती प्लास्टर घालून पलंगावर होती. सुरुवातीला ती भिंतीकडे तोंड करून पडायची, कुणाशी बोलायचीच नाही. म्हणून भाविकाने ही टाकी मांडली. तळाशी शेतातली चाळलेली माती आणि वर तापीकाठची जाड वाळू घातली. वाळू इतक्या वेळा धुतली, की आई म्हणाली, "आता तांदूळ म्हणून शिजवतेस का?" प्रत्येक दगडावर लिंबू पिळून पाहिलं आणि जो फसफसला तो बाहेर फेकला, कारण तसला चुनखडीचा दगड पाण्यात विरघळतो. प्रकाशा गावच्या बंधाऱ्यातून फितीसारख्या लांब पानांच्या पाणवनस्पती आणून चिमट्याने एकेक मूळ वाळूत रोवलं. मग सगळ्यात अवघड काम आलं, थांबण्याचं! पाणी आधी गढूळलं, मग निवळलं. झाडांना नवी पानं फुटली तेव्हाच आरोग्य उपकेंद्राच्या हौदातले गप्पी मासे आणि नदीतले झिंगे आत सोडले. त्या दिवशी भूमिका कितीतरी दिवसांनी हसली होती.

आणि आता हे!

"खायला जास्त घालत असशील," आई कालच म्हणाली होती.

"चिमूटभर घालते, आई! कुजलेली पानं काढते. पाणीही थोडंच बदलते, तेसुद्धा रात्रभर ठेवलेलं!"

भूपेंद्रकाका तर हसलेच होते. घरची शेती तेच बघत. "मासाच मरनात ना? दुसरा लई येसूत!" असं म्हणून त्यांनी मोटरसायकलला किक मारली होती.

पण भाविकाला दुसरे मासे नको होते. तिला कारण हवं होतं. राणीही गेली, तर भूमिका पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवणार होती.

"पाणी बदलून बघू," हेमकांत म्हणाला. "घरातल्या जारचं घालू. आपण पितो ना ते?"

आई बाजारासाठी शहाद्याला गेली होती. बाबा नंदुरबारला नोकरीवर. हेमकांतने जारच्या पाण्याची बादली उंच स्टुलावर ठेवली, नळीचं एक टोक बादलीत आणि दुसरं टाकीत सोडलं. पाणी झुळझुळ टाकीत उतरू लागलं.

"बघ! इंजिनीअर हेमकांत पाटील!"

"इंजिनीअर, लाडवाचे हात आधी धू!"

हात पुसायचं फडकं स्टुलावर, बादलीखाली अडकलं होतं. ते काढायला हेमकांतने बादली उचलून खाली जमिनीवर ठेवली. नळी तशीच राहिली. दुसऱ्याच क्षणी टाकीतलं पाणी नळीतून उलट बादलीत वाहू लागलं!

"अरे, अरे! नळी काढ! टाकी रिकामी होईल!" भूमिका ओरडली.

हेमकांतने घाईने नळी उपसली. भाविका मात्र जागच्या जागी खिळली होती.

"उलट..." ती पुटपुटली. "पाणी उलट आलं. हेमकांत, मळ्यातल्या विहिरीवर काका फवारणीचा ड्रम कसा भरतात?"

"कसा म्हणजे? पाइपाच्या तोटीला नळी लावतात, ती ड्रममध्ये सोडतात आणि मोटार चालू करतात."

"नळीचं टोक कुठे असतं? पाण्याच्या वर की आत?"

"आतच. पार बुडाशी. नाहीतर औषधाचा फेस उडतो म्हणतात भूपेंद्रमामा."

"आणि मोटार मधेच बंद पडली तर? पाइपात चढलेलं पाणी कुठे जाईल?"

हेमकांतच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "खाली. विहिरीत. विहिरीतल्या पाइपाच्या बुडाचा व्हॉल्व्ह खराब झालाय, मामा परवाच म्हणत होते. पाइपातलं पाणी धरून राहत नाही... आणि खाली जाताना ते ड्रममधलं औषध ओढून घेईल! आत्ता टाकीतून ओढलं तसंच!"

"तेच औषध विहिरीत. विहिरीतून छतावरच्या टाकीत. तिथून माझ्या बादलीत!"

पलंगावरून भूमिकाचा बारीक आवाज आला. "ताई, पहिल्यांदा झिंगे मेले ना, त्याच्या आदल्या दिवशी माझं कार्टून अर्ध्यात बंद पडलं होतं. लाईट गेली होती. आणि परवाही गेली होती. काका दोन्ही दिवशी पपईवर फवारत होते, खिडकीतून वास आला होता."

तिने वर बोट दाखवलं. "आणि आत्ताही गेली बघ."

डोक्यावरचा पंखा हळूहळू थांबत होता. खिडकीतून औषधाचा उग्र वास येत होता.

भाविकाने खिडकीतून मळ्याकडे पाहिलं. मासे तर गेलेच होते. पण पपईशेजारच्या तुकड्यात कापूस वेचायला अक्कलकुव्याकडच्या डोंगरातून आलेली माणसं राहत होती. घरात जारचं पाणी यायचं. ती माणसं मात्र मोटार सुरू झाली, की शेतातल्या पाइपाच्या तोंडाशीच हंडे भरायची. म्हणजे अगदी पहिलं, औषधाने भरलेलं पाणी! परवा त्यांच्यातल्या जसोदाबाईची लहानगी उलट्या करत होती. शिळं खाल्लं असेल, असं सगळे म्हणाले होते.

भाविकाने आईचा घरी राहिलेला फोन उचलून काकांना लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा तेच!

"चल, पळत जाऊन सांगू!" हेमकांत म्हणाला.

"कोण ऐकणार आपलं? इतके दिवस कुणी ऐकलं? पाणी तर स्वच्छच दिसणार!"

मग भूमिकाने टाकीकडे पाहिलं.

"राणीला घेऊन जा," ती म्हणाली.

"भूमी, तुला कळतंय ना..."

"कळतंय! मी लहान नाही. जा लवकर, लाईट आली तर?" एवढं बोलून तिने उशीत तोंड खुपसलं.

भाविकाने लोणच्याची रिकामी काचेची बरणी धुतली, टाकीतलं थोडं पाणी घेतलं आणि राणीला त्यात सोडलं. झाकण नीट लागेना. तिने ते तसंच टाकलं आणि ती सायकलकडे धावली. हेमकांत बरणी छातीशी धरून मागे बसला. कच्च्या रस्त्यावर सायकल आदळत होती.

"सावकाश! राणी माझ्या शर्टात पोहायला लागेल!"

"गप्प बस आणि घट्ट धर!"

विहिरीपाशी कुणी नव्हतं. निळ्या ड्रममध्ये नळी बुडाशी सोडलेली होती आणि तिच्यातून घुर्र घुर्र आवाज येत होता. ड्रमच्या आतल्या बाजूला ओली रेघ दिसत होती. पांढुरकं पाणी तिच्याखाली हातभर उतरलेलं!

"ओढतंय! खरंच ओढतंय!" हेमकांत ओरडला. त्याने नळीचा वरचा कोरडा भाग धरून ती बाहेर खेचली. भाविका मोटारीच्या खोलीकडे धावली. दाराला कुलूप! आणि मोटार ऑटोवर होती. लाईट आली, की ती आपोआप सुरू होणार होती.

पलीकडे पाइपाच्या तोंडाशी बायका हंडे घेऊन बसल्या होत्या. ऊन चांगलंच तापलं होतं.

"जसोदाबाई! पाणी भरू नका! त्यात फवारणीचं औषध गेलंय!"

जसोदाबाईने कडेवरची लहानगी सावरली. मूल मलूल होऊन तिच्या खांद्यावर पडलं होतं. "मग काय पिवानं, पोरी? सकाळपासून हंडा रिकामा शे."

तिचा नवरा डोंगरसिंग पुढे आला. "मालक तर सांगतो पाणी चांगलं."

"मालकाला माहीत नाही!" भाविका हात पसरून हंड्यांसमोर उभी राहिली. "खरंच सांगते! थोडा वेळ थांबा!"

तेवढ्यात मोटरसायकलचा आवाज आला. भूपेंद्रकाका! बाहेर काढलेली नळी आणि हंड्यांसमोर हात पसरून उभी असलेली पुतणी पाहून त्यांचा पारा चढला.

"काय करी ऱ्हायनी तू? नळी कोनी काढी?"

"काका, लाईट गेली ना, तेव्हा ड्रममधलं औषध विहिरीत..."

खट्! लाईट आली आणि खोलीत स्टार्टर लागला. मोटार गुरगुरली. पाइपाने आधी हवा सोडली आणि मग पाण्याचा जाड लोट भळाभळा कोसळू लागला. बायका उठल्या.

"देख! काच मायक साफ शे!" काकांनी ओंजळ पाण्याखाली धरली. "आते मी पिसू तुन्हा समोर!"

"नाही!"

भाविकाने झेप घेऊन दोन्ही हातांनी काकांचं मनगट धरलं. ओंजळीतलं पाणी हिंदकळलं. "काका, पाया पडते! आधी बरणीतल्या राणीला पाजा. मग तुम्ही प्या!"

हेमकांतने बरणी पाण्याखाली धरली. लोट आत शिरला, थोडा बाहेर सांडला. मग त्याने बरणी सगळ्यांसमोर बांधावर ठेवली.

राणीने एकदम बरणीभर झेप घेतली. काचेवर आपटली. गोल गोल फिरली, अंग वाकडं करून थरथरली. मग तिचं फुगीर पोट हळूच वर आलं.

पाणी तेवढं कोसळत होतं.

काकांची ओंजळ आपोआप उघडली. त्यांनी ओला हात नाकाशी नेला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. जसोदाबाईने लहानगीला घट्ट कवटाळलं. "मन्ही पोर... परवा तेच पानी पिनी..."

"हंडा ओता! सर्वा ओता!" काका ओरडले. त्यांनी धावत जाऊन मोटार बंद केली, साबणाने हात धुवायला जारचं पाणी मागवलं आणि शेजारच्या मळ्यातली जीप बोलावली. डोंगरसिंग, जसोदाबाई आणि लहानगी थेट दवाखान्यात गेले. सोबत काका. त्यांच्या हातात औषधाची बाटली होती, डॉक्टरांना दाखवायला. भाविकानेच ती आठवणीने दिली होती.

घरी परतताना सायकल कुणीच चालवली नाही. दोघं ती हातात धरून चालत आले. भूमिकाला काय सांगायचं?

सांगावं लागलंच नाही. रिकामी बरणी पाहून ती खूप रडली. भाविका तिला कुशीत घेऊन बसून राहिली. बऱ्याच वेळाने भूमिकाने नाक पुसलं.

"त्या बाईंची मुलगी?"

"डॉक्टरांनी ठेवून घेतलंय. काकांचा फोन आला होता. वेळेवर आणलं म्हणाले. बरी होईल."

"मग ठीक," भूमिका म्हणाली, आणि पुन्हा रडली.

लहानगी दिवाळीच्या पाडव्याला हसत परत आली. तोवर विहिरीतलं पाणी उपसून पडीक जमिनीत सोडलं गेलं होतं. कृषी अधिकाऱ्यांनी पाण्याचे नमुने तपासायला नेले. पाणी उलट येऊ न देणारा नवा व्हॉल्व्ह पाइपावर बसला. कापूस वेचणाऱ्यांच्या पालांपाशीही आता घरासारखेच जार येऊ लागले. डॉक्टर स्वतः येऊन म्हणाले, "मासे मेल्यावर आम्हीसुद्धा नवे आणले असते. या मुलांनी का मेले ते शोधलं. म्हणून आज एक मूल घरी आहे." बाबांनी तिघांच्याही पाठीवरून हात फिरवला. डोंगरसिंगने हेमकांतच्या हातात टोपलीभर सीताफळं ठेवली, आणि हेमकांतला पहिल्यांदाच काही विनोद सुचला नाही.

पाडव्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी काकांनी तीच शेजारची जीप मागून आणून दाराशी उभी केली. भूमिकाला प्लास्टरसकट उचलून पुढच्या सीटवर बसवलं आणि दोघांना मागे बसायला सांगितलं. शेजारच्या मळ्यात, पलीकडच्या मळ्यात, नदीकाठच्या मळ्यात, सगळीकडे ते निघाले होते. पहिल्याच विहिरीवर निळ्या ड्रमात नळी बुडवलेली दिसली. मालक भटूआप्पा हातातला चहाचा पेला ठेवत पुढे आले.

"काय रे भूपेंद्र, सकाळी सकाळी?"

काकांनी वाकून नळी बाहेर काढली. मग टोपी काढून हातात घेतली, बाजूला सरकले आणि भाविकाला पुढे केलं.

"पोरी, तू सांग," ते म्हणाले. "मी मधे बोलाव नही."