गाद्यांच्या गोदामातला अल्बम

गिऱ्हाईक दुकानात शिरलं की आधी भाव विचारतं. हा शिरला आणि यानं टाळी वाजवली!

एकच टाळी. मग मान तिरपी करून ऐकत उभा. मग आणखी चार पावलं आत, थेट गाद्यांच्या थप्प्यांमध्ये… आणि पुन्हा टाळी.

दीपानं सुईत दोरा ओवता ओवता वर पाहिलं. उंच, सावळा, मानेपर्यंत केस, पाठीवर गिटारची काळी पिशवी. आणि चेहऱ्यावर असा आनंद, की वणीच्या भर बाजारात याला पुरलेला हंडाच सापडला असावा.

"मच्छर मारून राह्यले काय?" तिनं विचारलं.

"नाई… आवाज शोधून राह्यलो. म्हनजे, आवाज नसलेली जागा." तो हसला. "पाहा नं, टाळी गेली, पन वापस नाई आली! कापसानं खाऊन टाकली. राजूरच्या कोळसा खाणीपाशी माह्या खोलीत एक टाळी चारदा वापस येते."

"मंग टाळी पाह्यजे का गादी?"

"गाद्या. आठ. भिंतीले लावाले."

दीपाची सुई हवेतच थांबली. "काहून? तुमच्या भिंतीले झोप येत नाई काय?"

यावर तो इतका मोकळा हसला, की मागच्या खोलीत कापूस पिंजणारे इकबालचाचा मशीन बंद करून बाहेर आले. दाढीत कापूस, भुवयांवर कापूस. दुकान त्यांचं. दीपा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि कॉलेज सुटलं की त्यांच्याकडे गाद्यांना टाके घालायची.

मग पोराची सगळी कथा बाहेर आली. नाव संघर्ष भगत. चौघांचा रॉक बँड होता. एक पुण्याला गेला, दोघं नोकरीला लागले, उरला हा एकटा. आता आठ गाण्यांचा एकट्याचा अल्बम करणार होता. करणार म्हणजे काय, राजूरच्या चौकात पोस्टरही लावून बसला होता. अठरा जानेवारी, रविवार!

"अन् नाई झाला त?" चाचांनी विचारलं.

"त चंद्रपूरले. मामाच्या टायरच्या दुकानात. आईले तसा शब्द देल्ला मी."

चाचांनी दाढीतला कापूस झटकला. "बेटा, आठ गाद्या कायले उभ्या करतं? गोदामातच गा नं. लग्नाच्या लॉनवाल्यायची साठ गाद्यायची ऑर्डर हाय. नऊ तारखेले टेम्पो येते, तवरक जागा तुही. पन दीपाचं काम थांबनार नाई, सांगून ठेवतो."

"पन मले एकदम शांतता लागते, चाचा."

"मी तोंड नाई उघडनार!" दीपा पटकन म्हणाली. इतकी पटकन, की चाचांनी एक भुवई वर केली.

असे सुरू झाले ते अठरा दिवस.

रोज दुपारी चाचांचं मशीन बंद झालं की तो यायचा. लॅपटॉप, माईक, गिटार आणि एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर. बसायला गादी, टेकायला गादी, डोक्यावर गाद्यांचं छत. उंच खिडकीतून उन्हाची तिरीप यायची आणि तिच्यात कापसाचे तंतू असे तरंगायचे, जणू त्यांना कुठंच जायची घाई नाही. कोपऱ्यात दीपा. हातातल्या बांगड्या आधी काढून डब्यात ठेवायची. शिंक आली तर ओढणी तोंडात कोंबायची. डोळे पाण्यानं भरायचे, पण शिंक बाहेर पडू द्यायची नाही… आणि नेमका तेव्हाच तो गाता गाता तिच्याकडे पाहायचा!

"तू रडत होती काय?" गाणं संपल्यावर त्यानं विचारलं.

"शिंकत होती. तोंडातल्या तोंडात."

"मले वाटलं, गानं लय भिडलं."

"भिडलं असतं. पन तू गाताना असं काहून बोलतं, मुंबईवरून आल्यावानी? 'मला, तुला'… घरी आईले असं म्हनतं काय?"

तो कानापर्यंत लाल झाला. दीपाला वाटलं, मेली मी, आता हा उद्या येत नाही.

दुसऱ्या दिवशी तो आला आणि तिच्यापासून चार हातांवर बसून गायला:

"काळ्या धुळीत वाढलो मी, मले पुसू नको, राहू दे…"

गिटार अशी कडाडली की गाद्यांमधून दीपाच्या पाठीपर्यंत पोचली. तिनं मान वर केली नाही. टाके घालत राहिली. पण त्या दिवशीच्या गादीवरचे टाके चाचांनी बोटानं मोजून पाहिले आणि म्हणाले, "बेटी, आज एकदम नापून घातल्यावानी आले!"

नऊ तारखेला सकाळीच टेम्पो आला. साठ गाद्या चढल्या आणि गेल्या. उरलं पत्र्याचं रिकामं गोदाम. चाचा खाकरले तर चार चाचा खाकरल्यासारखं वाटलं. आठवं गाणं आदल्याच दिवशी संपलं होतं, म्हणून दीपा निश्चिंत होती. थोडी उदासही होती, पण ते जाऊ द्या.

दुपारी संघर्ष आला. लॅपटॉप उघडून त्यानं हेडफोन तिच्या कानांवर ठेवले. हलक्या हातानं… केसांची बट बाजूला सारायची की नाही, या विचारात बोटं क्षणभर थबकली आणि तशीच मागे गेली.

गाणं सुरू झालं. त्याचा आवाज, गिटार. आणि मधे मधे… हे काय? खस्स… खस्स…

जाड कापडातून दोरा ओढल्याचा आवाज! तिचा टाका! सगळ्या गाण्यात!

तिनं हेडफोन ओढून काढले. बांगड्या काढल्या, शिंका गिळल्या, आणि हा आवाज आपल्याला ऐकूच आला नाही? रोजच्या कामाचा आवाज, कानांना कसा कळणार! आता गाद्या गेल्या. पत्र्यात पुन्हा रेकॉर्डिंग होणार नाही. अठरा तारीख नऊ दिवसांवर.

"मी वाट लावली," ती कशीबशी म्हणाली. "माह्यापायी तुले आता चंद्रपूरले…"

"दीपा. आयक."

"तू मले सांगतलं काहून नाई? मी बाहेर बसली असती!"

"म्हनूनच नाई सांगतलं." तो जमिनीकडे पाहत बोलला. "मले तिसऱ्याच दिवशी आयकू आलं. मी तालासाठी लॅपटॉपमधला ड्रम लावला होता, तो काढून टाकला. रोज माईक थोडा थोडा तुह्याकडे सरकवला. मी गानं हळू केलं त तुहा टाकाही हळू व्हायचा… अन् तुले पत्ताच नाई."

दीपाला एकदम आपल्या हातांचं काय करावं ते कळेना.

"हे चोरून केलं मी," तो म्हणाला. "म्हनून इचाराले आलो. हे पाय, अल्बम काढताना इथं वाजवनाऱ्यायची नावं टाका लागते. तुहं टाकलं त सारी वनी इचारन, हे दीपा कोन? नाई म्हनशीन त ही गानी मी काढनार नाई. बाकी चंद्रपूर… टायर काई वाईट नसते."

"अन् टाकलं, लोकायनं इचारलं, त काय सांगशीन?"

"खरं सांगीन. का ते मले…" आठ गाणी लिहिणाऱ्याला शब्द सापडेना! "…का मले ते पोरगी आवडते. पयल्या टाळीपासून."

दीपानं लॅपटॉप स्वतःकडे ओढला. नावाच्या चौकटीत एक एक अक्षर शोधत टाइप केलं: दीपा उकंडा पाझारे. बाबांच्या नावासकट, पूर्ण.

"लोकायले काय सांगाचं ते मंग पाहू," ती म्हणाली. "आधी माह्या बाबाले येऊन सांग. रविवारी सुट्टी असते त्यायले."

"या रविवारी?"

"अठरा तारखेले. अल्बम घेऊन ये. खाली हात नको येऊ."

अठरा तारखेला राजूरच्या चौकात पोरं स्पीकर लावून नाचत होती म्हणे. संघर्ष मात्र इस्त्रीचा शर्ट घालून दीपाच्या घरी खुर्चीच्या कडेवर बसला होता. समोर तिचे बाबा, खाणीत डंपर चालवणारे, कमी बोलणारे. मधे स्टुलावर मोबाईल. सांगायचं ते त्यानं आधीच सांगून टाकलं होतं. बाबा हो म्हणाले नव्हते, नाहीही म्हणाले नव्हते. म्हणाले होते, "लाव पाहू."

पहिलं गाणं… दुसरं… बाबांनी डोळे मिटलेले. स्वयंपाकघरात दीपाच्या डोळ्यांदेखत चहा उतू गेला, तिला कळलंच नाही.

मग बाबांनी एक डोळा उघडला. "ते गाते, ते त समजलं. पन मागं हे खस्स खस्स करून राह्यलं, ते कोन हाय?"

संघर्षनं स्वयंपाकघराकडे पाहिलं.

दीपा दारात आली. आवाज कापत होता, पण पोचला.

"मी आहो, बाबा."

बाबांनी लेकीकडे पाहिलं. मग त्या घामेघूम पोराकडे. मग मोबाईलकडे.

"मंग वाढव नं बे आवाज!"