टिपाडाच्या तळाशी चार बोटं

"एका घराला एकच बाटली! आणि बूच घट्ट लावायचं!" पुतळाने हुकूम सोडला.

"व्हय, सरकार!" सर्जाने सलाम ठोकला आणि बाटल्यांची पाटी डोक्यावर घेतली. तो पुतळाचा धाकटा भाऊ. त्याच्यामागून नाक दाबून चालत होता त्यांचा साताऱ्याचा आतेभाऊ उल्हास.

"काय रं, पाहुणं! वास सोसंना व्हय?" सर्जाने चिडवलं.

"तुमच्या गावाकडं सुट्टीत आंबे खायला आलोय मी! डिझेल वाटायला नाही!"

तिघेही हसले. कुंडलजवळच्या त्या वस्तीवर चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात रॉकेलचा थेंब उरला नव्हता. रेशनच्या दुकानाला कुलूप होतं. वस्तीला वीज नव्हती, त्यामुळे दिवस मावळला की घराघरांत अंधार. शेवटी पुतळाचे वडील, लालासाहेब, म्हणाले होते, "ट्रॅक्टरचं डिझेल द्या प्रत्येकाला बाटलीभर. चिमणी धूर सोडंल, पर अंधारापरास धूर बरा!" एवढं सांगून ते ट्रॅक्टरचं सामान आणायला सांगलीला गेले.

दुपार व्हायच्या आत पोरांनी सगळी वस्ती पालथी घातली. शेवटची बाटली ओढ्यापलीकडच्या खोपटात दिली. तिथं ट्रॅक्टर चालवणारा धुळा राहायचा. दुष्काळात कवठे महांकाळकडची मेंढरं मेली, तेव्हा तो बायकोला, हरणाबाईला, घेऊन इकडं आला होता. त्यांची लेक सुली अजून अगदी लहान होती.

"लय उपकार झालं, लेकरांनो!" हरणाबाईने बाटली दोन्ही हातांनी घेतली. "पोरगी अंधाराला लय भिती बगा!" आणि तिने तिघांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

परत येताना पोरं राजासारखी चालत होती!

जेवणं झाली, दुपारची झोप झाली, तेव्हा पुतळा गोठ्याशेजारच्या पडवीत गेली. तिथं डिझेलची दोन टिपाडं, मोठी लोखंडी पिंपं, होती. जुनं टिपाड शिवणीला गळत होतं, म्हणून वडिलांच्या धाकट्या भावाने, नानासोकाकांनी, आदल्या दिवशी एक जुनंच पण धड टिपाड बाजारातून आणलं होतं आणि रबरी नळीने डिझेल त्यात ओढून घेतलं होतं. सकाळच्या बाटल्या त्याच टिपाडातून भरलेल्या.

पुतळा फरशीकडे बघत उभी राहिली.

"सर्जा, सकाळी बाटल्या भरताना इथं सांडलं हुतं न्हवं?"

"सांडलं की! तूच सांडलंस. आन् बोलणी मी खाल्ली!"

"मग डाग कुठाय?"

जुन्या टिपाडाखाली गळून गळून काळा, चिकट डाग पडला होता. तो कितीही घासला तरी जायचा नाही. नव्या टिपाडापाशी मात्र फिकट ओरखडा तेवढा उरला होता.

"डिझेल असं उडून जातंय कधी?" पुतळा पुटपुटली.

उल्हासने दोन्ही टिपाडांतलं थोडंथोडं तेल काडीवर घेतलं आणि जुन्या वर्तमानपत्रावर ठिपके दिले. तिघं वाकून बघत राहिले. एक ठिपका तसाच तेलकट राहिला. नव्या टिपाडातल्या तेलाचा ठिपका बघता बघता आक्रसला. पुतळाने त्या तेलाचा थेंब मनगटावर घेतला. गार! बर्फासारखं गार!

"असाच वास आमच्या बाबांच्या फटफटीला येतो," उल्हास हळूच म्हणाला. "अगं, हे पेट्रोल आहे! पेट्रोल मिसळलंय यात!"

तिघं धावत नानासोकाकांकडे गेले. काका लिंबाखाली आडवे झाले होते, तोंडात विडी.

"आवं नाना, टिपाडात आधी काय हुतं?"

"जीपगाडीवाल्याचं हाय ते टिपाड. का गं?"

"जीप पेट्रोलवर चालती!"

"मग? त्यातनं पाणी का प्यायचंय आपल्याला? तळाला चार बोटं तेल हुतं, तेबी फुकटात मिळालं!"

"ते काढून न टाकता तुमी वरनं डिझेल वतलं? वास न्हाई आला?"

"मला चार दिस पडसं हाय!" काका खेकसले. "चार बोटांनी काय हुतंय? आता पोरं मला इंजिन शिकवनार व्हय! पळा!"

तेवढ्यात धुळा शेतातून चालत आला. त्याचं तोंड घामाने निथळत होतं. "मालक, नवं तेल घातल्यापास्नं इंजान ठोकं देतंय. आता बंदच पडलं. काय केल्या चालू हुईना." एवढं सांगून तो आल्या पावली ट्रॅक्टरकडे परतला.

नानासोकाका उठून बसले. विडी तोंडातच राहिली. त्यांनी ती हळूच काढून मातीत चिरडली.

"बाटल्या!" पुतळा किंचाळली. "आपण सगळ्यांस्नी बाटल्या दिल्यात! चिमणी भडकंल, फुटंल! चला!"

ऊन कलून गेलं होतं. गुरं घराकडे निघाली होती. थोड्याच वेळात घरोघर बायका काडी ओढणार होत्या!

"सर्जा, तू वरल्या आळीला! उल्हास, तू देवळाकडं! मी मधली घरं करून वड्यापल्याड जाते. चिमणी लावू नका म्हणायचं, बाटली घराबाहेर ठेवायला लावायची!"

आणि पोरं सुटली.

"मावशी, चिमणी लावू नका!"

"आत्ता गं बया! आंधारात बसू व्हय?"

"बसा! पर लावू नका! त्यात पेट्रोल हाय!"

कुणी हसलं, कुणी रागावलं. राहीबाई तर काडी ओढायलाच बसली होती. पुतळाने झडप घालून काडेपेटी हिसकावली आणि दोन शिव्या खाल्ल्या. सर्जाने एका घरातून भरलेली चिमणीच उचलून उकिरड्यावर नेऊन ठेवली. उल्हासचा पाय ठेचाळून रक्त आलं, तरी तो थांबला नाही. एकेक घर वाचत होतं! पुतळाच्या छातीत कळ येऊ लागली, पण मधली सगळी घरं झाली होती. आता फक्त ओढा ओलांडायचा.

सूर्य अजून बुडाला नव्हता. आभाळात उजेड होता. 'एवढ्यात कोण दिवा लावतंय!' असं स्वतःला सांगत ती वाळूतून पळत होती.

पण खोपटाला खिडकी नव्हती. आत केव्हाच अंधार झाला होता.

ओढ्याच्या काठावर चढता चढता तिला 'भप्प' असा आवाज ऐकू आला. दारातून पिवळा लोळ बाहेर आला. पाठोपाठ कुणीतरी सुलीला बाहेर मातीत भिरकावलं. मग हरणाबाई बाहेर आली, आणि पुतळाने डोळे गच्च मिटले.

नंतरचं तिला तुकड्यातुकड्यांनी आठवायचं. लोळ बघून शेतातून धावत आलेल्या धुळाने बायकोवर घोंगडं टाकलं. माणसं जमली. "ट्रॅक्टर काढा!" कुणीतरी ओरडलं, आणि ट्रॅक्टर तर शेतात मुका होऊन उभा होता. बैलगाडीतून कुंडल, तिथून मालट्रकने सांगली. नानासोकाका गाडीच्या मागे चपला न घालता धावत होते.

तीन दिवसांनी हरणाबाई गेली.

पुढच्या आठवड्यात शाळेसमोरच्या कट्ट्यावर वस्ती गोळा झाली. सरपंच आप्पासो उभे राहिले. "ह्या पोरांनी गाव वाचवलं!" ते म्हणाले. "मोठ्यांस्नी कळलं न्हाई, ते ह्यांनी वळखलं. शाब्बास, लेकरांनो!"

टाळ्या पडल्या. राहीबाईने पुतळाच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. पुतळाने मान वर केली नाही.

मग लालासाहेब उठले. सांगलीहून आल्यापासून ते कुणाशी धड बोलले नव्हते. "स्वस्तातलं टिपाड आण, हे मी सांगितलं हुतं," ते म्हणाले. "नानानं बघितलं न्हाई, आन् मी विचारलं न्हाई. चूक आमची. बाटल्या मात्र पोरांच्या हातून वाटल्या." ते खाली बसले. नानासोकाका खांबामागे तोंड लपवून रडत होते.

सभा मोडली. बायका पुतळाला घरी बोलावत होत्या, पण ती एकटीच ओढा ओलांडून गेली. धुळा नव्या खोपटाच्या दारात बसला होता. तिला बघून तो सरकला आणि तिला बसायला जागा दिली.

"धुळाबापू, मी आधी हिकडं यायला पायजे हुतं," पुतळा म्हणाली. "आधी हिकडं!"

"तिकडंबी लेकरंच हायेत की, पोरी," धुळा म्हणाला, आणि त्याने तोंड फिरवलं.

दिवस मावळला. त्या दिवशी रेशनवर रॉकेल आलं होतं. ओढ्याच्या अलीकडे एकेक घर उजळू लागलं: वरली आळी, देऊळ, मधली घरं. धुळाकडेही डबा भरून आला होता. त्याने तो उघडला नव्हता.

सुली पुतळाच्या मांडीवर येऊन बसली. तिने इवलंसं बोट वस्तीकडे केलं.

"त्या समद्यांच्यात दिवा हाय. आमच्यात का न्हाई, अक्का?"

पुतळाने सुलीला पोटाशी धरलं आणि तिची भीती जाईपर्यंत, सुली झोपेपर्यंत, तिथंच अंधारात बसून राहिली.